माइकविना

गोळीबार चौकातल्या आमच्या शाळेला
रंगमंच असा नाहीच.
जिथं खिचडी वाटतात तो ओटा धुऊन घेतला,
कूलर बंद केला, फार घरघरतो म्हणून,
आणि दुसरीची एकोणचाळीस पोट्टी
सतरंज्यांवर बसवली. मार्च सरत आलेला. सगळी घामेजलेली.

रूथ साळवे आल्या मोहननगरहून, ऑटोनं,
मांडीवर निळ्या झग्याचं बोचकं धरून.
सोबत मेल्विन सर आणि कीबोर्ड.
कीबोर्डचं स्टँड घरी राहिलेलं,
म्हणून माझं टेबल.

आदल्या दिवशी फळ्यावर मी लिहिलं होतं : ऑपेरा.
"म्हणजे काय मॅडम?"
म्हटलं, नाटक. पण बोलायचं ते गाण्यातच.
"भांडायचं पण?"
भांडायचं पण.
"अन् मीठ मागायचं असन तं?"
तेही.
मग दिवसभर खोडरबर गाऊन मागितलं गेलं,
सू-सूची परवानगी चार सुरांत,
आणि शेजारच्या वर्गाचे वानकर सर
खिडकीतून माझ्याकडं बघून गेले. बोलले नाहीत.

गोष्ट अशी :
एका पाववाल्याची मुलगी,
तिचा माणूस समुद्रावर गेलेला.
तिला खोटं पत्र येतं, ती विष घेते.
मुख्याध्यापक म्हणाले, विष नको.
मग ताप ठरला.

भाषा परकी.
पहिला सूर लागला तशी
पहिली रांग बसल्या बसल्या मागं सरकली.
कुणी कान झाकले,
बोटं थोडी उघडी ठेवून.
मग हसू. आवरेचना.
मी डोळे वटारले, तर मलाच आलं.
रूथबाई थांबल्या नाहीत.
नाल्यावरून मालगाडी जावी
तशा आमच्या हसण्यावरून गेल्या.

ताप चढला.
बाई ओट्यावर आडव्या झाल्या
आणि आडव्या पडून
आधीपेक्षा मोठ्यानं गाऊ लागल्या.
"मरून राह्यली ना, मंग एवढी ताकद कुठून?"
मागून तेजू सोरते.
रास्त प्रश्न. मला उत्तर ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात ओजल हेडाऊ उठली.
हजेरीला जिचं नाव मी दोनदा घेते
आणि ओठ हलतात तेवढेच,
ती.
ओट्यावर चढली,
बाटलीचं झाकण दातांनी उघडलं
आणि मरणाऱ्या बाईच्या तोंडाशी धरली.

सूर अर्ध्यात होता.
मेल्विन सरांनी एकच पट्टी दाबून धरली.
रूथबाई कोपरावर उठल्या,
दोन घोट प्यायल्या,
झग्याच्या बाहीनं तोंड पुसलं,
ओजलचा हात हातात घेतला
आणि उरलेलं मरण
तिच्याकडं बघत गाऊन संपवलं.

आता कुणी हसत नव्हतं.
तेजूनं हळूच विचारलं, "वाचली का?"

सुट्टी झाल्यावर ओजल टेबलाशी आली,
आपणहून, वर्षात पहिल्यांदा.
"मॅडम, माही आई बी असीच काढते आवाज.
चार मशिनी चालू असल्या का काईच ऐकू येत नाही,
मंग पोटातून काढते.
तिच्यापाशी बी माइक नाही."

दुसऱ्या दिवशी हजेरी. ओजल हेडाऊ.
ओठ हलले तेवढेच.
मी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं,
पण जरा थांबून.

परत जाताना उगाच त्या गल्लीतून गेले.
उरलेत तेवढे पॉवरलूम
खडाड खडाड चालू होते,
पायाखालचा रस्ता थरथरत होता,
आणि त्या सगळ्याच्या वरून,
कुठल्यातरी जाळीच्या खिडकीतून,
एक लांब, न तुटणारा ओ :
ओजल वं,
येता येता मीठ आणजो.