नावं घालणारे हाटे

खुर्ची मागे कलली तसे हाटे म्हणाले,
चाळीस वर्षं तांबाकाट्याला भांड्यांवर नावं घातली, डॉक्टर,
हा आवाज माझ्या ओळखीचा आहे.
मग तोंड उघडलं, आणि मुठी मिटल्या.

खालची डावी दाढ. कीड काळी, खोल.
ड्रिल मिनिटाला तीन लाख फेरे घेतं
तरी बोटांना कळतं
कुठे कुजकं संपतं, कुठे दात सुरू होतो:
कडक जागी शीळ घोगरी होते,
मऊ जागी पुन्हा बारीक.

आत लेझर धरला.
पाण्याचा फवारा, टिकटिक, किंचित जळका वास.
कंप नाही.
त्यांनी हात वर केला. थांबलो.
चूळ भरून म्हणाले,
न टेकवता कसं कोरता हो?
टेकवल्याशिवाय अक्षर कुणाचं ते कसं कळणार?

मला उत्तर सुचलं नाही.
खाली काळबादेवीच्या रस्त्यावर
कुणी पातेल्यांची चळत उतरवत होतं.

तळाचा शेवटचा पापुद्रा
मी साध्या, बिनविजेच्या चमच्याने खरवडला,
सावकाश, खर्र, खर्र,
आणि त्यांच्या मुठी सुटल्या.

भरण निळ्या उजेडात घट्ट झालं.
जीभ फिरवत हाटे बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, छान.
पण नाव घालायला विसरलात.