अर्धं टेबल

वडगावातली मंडळाची खोली रिकामी करायला सांगितली
तेव्हा टेबल दोघांत वाटलं.
अर्धं मला, अर्धं चन्नाप्पाला.
जाळी त्यानंच नेली. म्हणाला,
तुला काय करायची गा, पलीकडं कोण हाय तुझ्या?

तो गोकाकला गेला.
त्याच्या अर्ध्यावर आता वहिनी साड्यांच्या घड्या घालते.
कडेची पांढरी रेघ अजून दिसते म्हणे,
काठासारखी.

माझं अर्धं भिंतीला लावून ठेवलंय,
एका पायाखाली पत्र्याचा तुकडा.
रात्री गल्लीतले माग थांबले
की कानात थोडा वेळ ते चालूच राहतात.
मग मी पहिला चेंडू मारतो.

भिंतीचं एक बरं,
तिला लग्नाला जायचं नसतं,
पाठ धरत नाही, उधार मागत नाही.
कापून मारला तर चेंडू पायाशी बसवते,
घासून मारला तर छताकडं पळवते.
जे दिलं तेच. हिशोबाला चोख.

चन्नाप्पा मनगटानं खोटं बोलायचा.
नजर खिडकीकडं, चेंडू माझ्या कोपराखाली,
आणि तोंडावर असा भाव
की त्यालाच वाईट वाटलंय.
भिंतीला खोटं येत नाही.
दोन वर्षं झाली,
तिनं मला एकदाही फसवलेलं नाही.

चेंडू मागाच्या खड्ड्यात गेला
तर हात काळवंडून बाहेर येतो.
परवा चेंडूला रेशमाचा तांबडा तंतू चिकटलेला,
दिसेल न दिसेल असा.
तेवढ्यानं उसळी बदलली.
मी दचकलो,
आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

शंभरचा नेम धरून मोजतो.
काल पस्तीस, छत्तीस…
मध्येच मनात आलं,
गोकाकात या वेळी पाणी आलं असेल का,
आणि आकडा सुटला.
चेंडू सुटला नव्हता. मी मारत होतो,
पण कितवा, ते गेलं.

भिंतीतून आवाज आला,
‘मूवत्तेळु!’

नीलव्वा.
पलीकडं ती पदराला गोंडे बांधत बसते, साडीमागं पैसे.
‘तुझं मोजणं माझ्या मोजण्यात शिरायलंय बघ,’
ती ओरडली,
‘चार गाठी ज्यादा पडल्या.
आता मोजतोस तर नीट मोज की!’

मी बॅट खाली ठेवली.
तिकडं भिंतीवर दोनदा टकटक झाली,
बांगडीची असावी.
राग होता की काय होतं, कळलं नाही.
कान लावून ऐकलं, तर बल्बची गुणगुण तेवढी.

चेंडू उचलला. अंगठ्यानं पुसला.
मारला, जरासा हळू,
आणि गप्प उभा राहिलो.

‘मूवत्तेंटु.’