नोव्हेंबरचं पान

फोटो सकाळी सहा-चाळीसचा,
कन्हारटोल्याचा मामा तलाव, पाळीवरून घेतलेला.
क्षितिज दोन अंश डावीकडे कललेलं,
सगळं पाणी आता लाखांदूरकडे सांडेल असं.
ते आधी सरळ केलं.

मच्छीमार सोसायटीचं कॅलेंडर. बारा पानं, बारा तलाव,
आणि सचिव डोंगरवारांची एकच अट,
पाणी पाण्यासारखं दिसलं पाहिजे.
म्हणजे निळं.

अर्जुनीच्या स्टुडिओत मी मॉनिटरपुढे बसले.
मागे पांढऱ्या पडद्यासमोर पासपोर्टसाठी
कुणीतरी श्वास धरून बसलेलं.
आभाळ फार उजळ होतं, पाणी मळकं.
सावल्या थोड्या उचलल्या, उजेड थोडा दाबला,
पिवळा जरासा, चहात दूध घालावं तेवढाच.

एक गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती,
लहानपणी म्हशी धुताना पाहिलेली:
पाण्यातलं आभाळ वरच्या आभाळापेक्षा
नेहमी एक पट्टी खाली असतं.
पाणी उजेडातून आपला हिस्सा कापून घेतं,
सोसायटी मासळीच्या पैशातून घेते तसा,
फक्त पावती देत नाही.
म्हणून प्रतिबिंब मी वरच्याइतकं उजळ केलं नाही.
तेवढी इमानदारी ठेवली.

बाकीची नाही ठेवली.
बेशरमाची झुडपं पुसली, शेवाळ पुसलं,
थर्माकोलचा तुकडा,
एक चप्पल.
उजव्या कोपऱ्यात कंबरभर पाण्यात
वाकलेली एक बाई होती,
तिच्यामुळे चौकट एका अंगाला जड होत होती.
शेजारचं पाणी उचललं, तिच्यावर ठेवलं.
बाई गेली.
सेव्ह केलं आणि जेवायला गेले.

मंगळवारी सेवंता दिघोरे आली, ओळखपत्राचा फोटो काढायला.
भिंतीवर कॅलेंडरचे नमुने टाचलेले.
नोव्हेंबरपाशी ती थांबली
आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.
"हे मी व्हय."
कुठं?
"खालतं."

खालतं होती. उलटी, कंबरेपासून,
लुगड्याचा हिरवा काठ, मुठीत गवतासारखं काही.
वर नुसतं निळं पाणी.
"वरतची मी कोठी गेली, पोरी?"
रागानं नाही. कोंबडी दिसत नाही म्हणून
शेजारणीला विचारावं तसं.
"हातात गाद होती माह्या. लावून रायली होती.
मासोडीले खाले लागते, लपाले लागते."
मग पाळीकडे बघून हसली.
"बेशरमबी तूनंच काढलं का?
आमाले तीन सालं लागली अर्धा तलाव साफ कराले.
तुले किती येळ लागला?"

चार मिनिटं.
मी बोलले नाही.

मूळ फोटो आता नव्हता.
कार्डावर पिंपळगावचं लग्न चढलेलं,
हळदीचे नऊशे फोटो.
राहिलं होतं ते फक्त पाण्यातलं.

डोंगर उलटा करून खाली तळं मांडायचं,
हे मी कितीदा केलंय, लग्नाच्या अल्बमातसुद्धा.
पाण्यातून माणूस वर काढायची वेळ
पहिल्यांदा आली.
सेवंताबाईंना कापलं, पालथं फिरवलं,
कंबरेला कंबर जुळवली.
चेहरा तीन लाटांत चिरलेला, काळसर.
उजेड वाढवत गेले, वाढवत गेले.
पाण्यानं नेमकं किती ठेवून घेतलं होतं
ते कुठल्याच स्लायडरवर लिहिलेलं नसतं.
दाणे फुटायला लागले तेव्हा थांबले.

ओळखपत्र न्यायला आली तेव्हा दाखवलं.
बराच वेळ बघितलं.
"हालून रायली."
पाण्यातून काढलं ना, म्हणून.
"हालू दे. पान्यात उभं रायलं का मानूस हालतेच."

डोंगरवारांचा फोन आला, नोव्हेंबर अस्पष्ट का,
आणि निळा कमी का.
म्हटलं, छापा.

बेशरमाचं काही करता आलं नाही.
ते मी नीट पुसलं होतं,
वरूनही आणि खालूनही.