वीस पावलं डावीकडे

सारेमा बेटावर प्लेगचा सिनेमा आला
तेव्हा हिल्लारला खड्ड्याचं काम मिळालं.
लांबी बारा, रुंदी चार, खोली छातीएवढी,
मजुरी रोजावर, दुपारचं सूप कंपनीकडून.

दिग्दर्शक बाईंनी बोट दाखवलं : इथे.
इथे म्हणजे जुनिपरच्या झुडपांमागचा तो तुकडा
जिथे कुणी राय पेरत नाही, गाय बांधत नाही
आणि का ते विचारत नाही.
वडील तेवढ्यापुरता नांगर उचलून धरायचे,
घोडा आपसूक वळायचा.
पुढे ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला काय कळतंय,
म्हणून हिल्लार वळायचा.

"खाली खडक आहे," तो म्हणाला.
चुनखडीचं बेट. कुणालाही पटावं असं खोटं.
आणि मोजून वीस पावलं डावीकडे
त्यानं पहिलं फावडं मारलं.
बाई चिडल्या. संध्याकाळचं ऊन तिथवर पोचत नव्हतं.

मग चार दिवस गाव मरत राहिलं.
शाळेतली स्वयंपाकीण मेली,
पोस्टातला ऊर्मास दोनदा मेला
(पहिल्या वेळी त्याला शिंक आली).
काखेत जिलेटिनच्या गाठी, नखांत काजळी.
पांढरे पाळीव उंदीर
अक्रोडाच्या रंगात बुडवून तपकिरी केलेले;
त्यातला एक निसटला, तो अजून बेकरीमागे दिसतो,
मुळाशी पुन्हा पांढरा होत चाललेला.

गोष्ट अशी होती :
साथीच्या आडून कुणीतरी खून पाडतंय.
एवढ्या प्रेतांत एक जास्तीचं
कुणाच्या लक्षात येणार?

हिवाळ्यात कुरेसारेच्या थिएटरात सगळे दाटीनं बसले.
पडद्यावर गाडी रिकामी होत होती,
लोक श्वास रोखून मोजत होते,
सतरा, अठरा, एकोणीस.
एकोणीस?
मठाच्या वहीत तर अठराच होते!

हिल्लार त्यांच्या मागे बघत होता.
मेणाच्या पायांच्या बोटभर वर,
धूसर, कॅमेऱ्याला नको असलेली
गवताची एक पट्टी
वाऱ्यानं कलत होती, उठत होती.
तिथले कुणी मोजले नाहीत.
वहीच नव्हती, किंवा वही लिहिणाराही
तिथेच असेल.

माइमूनं कोपर मारलं, कुजबुजली,
"सारखी काय ती टोपीची काढघाल?
बस की स्वस्थ. आता खुनी कळेल."