पद रिक्त

वाद्यखोलीच्या दाराशी पितळी फलक आहे.
त्यावर पाच नावं
आणि एका ओळीत नुसते दोन शब्द.
दर ऑगस्टला मी तो घासतो,
नवी पोरं उन्हात पावलं मोजायला येण्याआधी.
एकतीस ऑगस्ट झाले.

पहिला फॅरन. मूळचा फारेनक्रुग,
रसायनशास्त्राचा मास्तर.
कॉर्नेट वाजवता येई, म्हणून बॅन्ड त्याच्या गळ्यात पडला:
सोळा पोरं, एक ढोल,
रेल्वेच्या हमालांचे उतरलेले कोट.
सतरा साली जर्मनीशी युद्ध जाहीर झालं
त्याच आठवड्यात त्याने आडनाव तोडून अर्धं केलं.
तरी कुणीतरी प्रयोगशाळेच्या दारावर
पिवळा रंग ओतलाच.
त्याच्या कॉर्नेटच्या पेटीत, सुटलेल्या मखमलीखाली,
अख्खं आडनाव शाईने लिहिलेलं आहे.
ती मखमल मी चिकटवत नाही.

मग वूलरिज. फौजेतून आलेला.
पाच यार्डांत आठ पावलं,
ना साडेसात, ना सव्वाआठ.
मैदानावर चुन्याच्या रेघा मारून
रात्री एकटाच चालून बघायचा म्हणे.
त्याच्या काळात नेब्रास्काच्या या टोकाला
आम्ही जवळजवळ सगळे सामने हरलो,
पण हरताना रांग वाकडी झाली नाही.

बेचाळीसात पोरं गेली. वूलरिजही गेला,
पन्नाशी उलटलेली, वर्दीची बटणं लागेनात तरी.
फलक म्हणतो: १९४२ ते १९४५, पद रिक्त.

लिओना प्रूशा ग्रंथालयात
फाटक्या स्वरलिप्यांना कागदी पट्ट्या लावत बसायची.
तिने बेकरीतल्या, नर्सिंगच्या, बीटाच्या शेतांवरच्या मुली जमवल्या,
आणि नऊ पोरं, फौजेने नाकारलेली:
जाड भिंगांची, सपाट तळव्यांची,
एक दमेकरी. त्याला तिने ट्यूबा दिला.
कोटांच्या बाह्या स्वतः आखूड केल्या.
मला ठाऊक आहे, कारण उसवताना अजून तिची टाच सापडते,
बारीक, उलट्या बाजूने गेलेली,
डावखुऱ्या हाताची.

सामने बंदच होते, म्हणून स्टेशनवर वाजवायचे.
फौजेची गाडी इंजिनात पाणी भरायला अकरा मिनिटं थांबे.
अकरा मिनिटांत तीन कूच, चौथं अर्धं.
थंडीत व्हॉल्व्ह गोठत,
ती औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणून थेंब थेंब सोडायची,
आणि गाडी हलली तरी हात खाली घेत नसे
शेवटचा डबा धान्याच्या कोठाराआड जाईपर्यंत.
पगारपत्रकात ती ‘ग्रंथालय, तात्पुरती’.

वूलरिज परतला. चावी मागितली.
तिने दिली, आणि एवढंच म्हणाली:
तिसऱ्या रांगेतल्या क्लॅरिनेटला
श्वासाला जरा जास्त जागा द्या.
त्याने दिली की नाही, माहीत नाही.
पुढच्या वर्षी मुलींना बॅन्डात घेणं बंद झालं.

त्यानंतर स्टास्नी, सत्तावीस वर्षं;
त्याच्याबद्दल सगळेच बोलतात, मी कशाला बोलू.
डंकेलने मला कामावर घेतलं.
तो उत्तम माणूस होता आणि सूर ऐकताना डोळे मिटायचा,
म्हणून एकदा कडेच्या बाकाला धडकला.

आता कॅसलबरी बाई आहेत.
काल फलकासमोर थांबल्या, बोट फिरवलं.
म्हणाल्या, ही एकच ओळ एवढी पुसट कशी?
पॉलिशचं फडकं माझ्या हातातच होतं.
तिसऱ्या रांगेतली ती क्लॅरिनेट माझी आई होती,
हे सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही.
म्हटलं, पितळ आहे बाई. झिजतं.

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, बरं,
आणि आत ढोलांची मोजणी करायला गेल्या.