उणे कर्नल

इन्स्टॉलर विचारतो, कुठल्या डिस्कवर?
डिस्क नाहीये बाबा.
तो पुन्हा विचारतो, ओळंबा हातात घेऊन
दारात उभ्या राहिलेल्या गवंड्यासारखा:
जागा दाखवा.
मी त्याला एक रिकामं फोल्डर दाखवते.
हे बघ, हीच जमीन. इथेच मांड.

ब्रनोत पावणेबारा झालेत. दिवसाची शेवटची ट्राम
वळणावर करकरून गेली.
समोर व्लास्तिमिल, थर्मासचं झाकण उलटं धरून
त्यात चहा ओततोय. निवृत्तीला अकरा आठवडे.
या इन्स्टॉलरचे निम्मे प्रश्न त्याच्या हातचे,
माउसला बटणं दोन की तीन, हासुद्धा,
तेव्हाचा, जेव्हा सीडी गरगरायची
आणि खरोखरचं माणूस समोर बसून
उत्तरं द्यायचं.

आता उत्तरं आधीच लिहून ठेवायची एका फाइलीत,
पाठ करून परीक्षेला बसल्यासारखी.
वेळ: प्राग.
रूटचा पासवर्ड: कुलूपबंद.
बूटलोडर: नको.
मग पॅकेजांची यादी, आणि नको त्या प्रत्येक नावाआधी
एक छोटी आडवी रेघ.
उणे कर्नल.
उणे फर्मवेअर.
उणे ती मदतीची पानं, जी कुणीच वाचत नाही
आणि अडल्यावर सगळेच शोधतात.

"कर्नलपण नको?" व्लास्तिमिल विचारतो.
"घरात चूल नको म्हणतेस?"

घर कुठंय, मी म्हणते, हे बिऱ्हाड.
पाठीवर टाकायचं, मिळेल त्या यंत्रावर उतरायचं,
यजमानाच्या चुलीवर आपलं भांडं चढवायचं,
काम झालं की राखसुद्धा मागे नाही.

तो काही बोलत नाही. झाकण पुसतो.

रात्रभर मी रेघा मारत राहिले.
अकराशे एमबीचे चारशे झाले, चारशेचे एकशे नव्वद.
इन्स्टॉलर दोनदा रुसला,
एकदा शेवटच्या पायरीवर, बूट कुठे लिहू म्हणून,
त्याची समजूत घातली.
पहाटे गाठोडं बांधलं तेव्हा एकाहत्तर एमबी,
आणि मला, खरं सांगते, गर्व झाला.
ट्राम डेपोच्या सर्व्हरवर पाठवून दिलं.

पाच वाजता डेपोतून क्वेता फोनवर.
"पाच बाराला चार नंबर कोण नेणार?
ड्युटीच्या यादीत आज एक भूत आहे.
दोन प्रश्नचिन्हं, मग एहो, मग पुन्हा दोन प्रश्नचिन्हं."

र्झेहोर्झ.
र आणि झ एकाच श्वासात, जीभ थरथरवत.
इथली मुलं हे अक्षर शिकायला वर्षं घेतात,
काहींना कधीच जमत नाही.
ज्यांच्या भाषेत असं एखादं हट्टी अक्षर आहे
त्यांना कळेल.
साठ वर्षं वयाच्या, तीस वर्षं ट्राम चालवणाऱ्या माणसाला
मी दोन्ही टोकांनी पुसून टाकलं होतं,
एका अक्षरामागे दोन बाइट,
एका बाइटमागे एक प्रश्न.

व्लास्तिमिल माझ्या खांद्यावरून वाकला.
यादी खाली सरकवत गेला, सावकाश,
चष्मा कपाळावर.
एका ओळीवर बोट ठेवलं.
उणे भाषा.

"सगळ्यात पहिला प्रश्न कुठला होता आपला?" त्यानं विचारलं.
डिस्कच्या आधी. माउसच्या आधी.
मला माहीत होतं. मी उत्तर दिलं नाही,
फक्त ती रेघ खोडली.

चौऱ्याहत्तर एमबी.
कुणीतरी विचारेलच, तीन वाढले कशानं.

पाच वाजून सव्वीस मिनिटांनी
नाव नीट उमटल्याचं कळवायला मी फोन लावला.
क्वेता म्हणाली, कोण, र्झेहोर्झ?
तो तर केव्हाच गेला गाडी घेऊन.
यादी बघायला तो कधी येतो?