लाल उजवा, निळा डावा

औषधांच्या दुकानात आता ती टांगलेली असतात,
वाचायचे चष्मे आणि घड्याळाचे सेल यांच्या मधोमध,
खोकल्याच्या गोळ्या घेता घेता
कुणीही हात लांबवून काढावीत अशी.
चिठ्ठी नको, तपासणी नको,
माझी ती जाड दाराची, आतून स्पंज लावलेली खोलीही नको
जिथे बावीस वर्षं माणसं
बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबत आली
आणि कधी कधी नुसत्या आशेनेच दाबत आली.
मला ते कळायचं. मी बोलायचे नाही.

आर्विड निस्काला मंगळवारी आला,
बुटांवरचा बर्फ दारात झटकून.
खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली,
पकडलेल्या पोराने चोरलेली वस्तू ठेवावी तशी.

चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत.
करवतीने त्याच्या कानातले वरचे सूर आधी कापले:
स, फ, थ,
चिमण्या, नातवंडं.
अकरा वर्षांपूर्वी मीच त्याला आलेख दाखवला होता,
आमच्या गावातून सुपीरियर सरोवराकडे
उतरत जाणाऱ्या रस्त्यासारखा.
"किती?" मी आकडा सांगितला.
"एवढ्यात ट्रक येतो," म्हणाला, टोपी घातली, गेला.
जुना ट्रक येतो, खरं तर.
मी वाद घातला नाही.

आता म्हणाला, "बिघडलेलं दिलंय मला.
फ्रिज गुरगुरतो, चमचे किंचाळतात,
आणि फोन डबक्यातून बोलतो."

पाहिलं तर लाल खुणेचं डाव्या कानात,
निळ्या खुणेचं उजव्यात.
अदलाबदल केली. रबरी टोपी
एक नंबर लहान बसवली. मळ काढला.
वीस मिनिटं.
दुकानातून घेतलेल्या मालावर
आम्ही किती पैसे लावायचे, ते अजून ठरलेलं नाही.
भिंतीवरचं दरपत्रक जुनंच आहे.
पलीकडच्या गावात पेगीने मार्चमध्ये दवाखाना बंद केला;
तिच्या चार खुर्च्या मी आणल्या,
त्यातल्याच एकीवर तो बसला होता.

"आता?" मी विचारलं.
तो माझ्या मागच्या घड्याळाकडे बघत राहिला.
ते वाजतं, हे मीच विसरले होते.

मग बोलला, हळू,
स्वतःचाच आवाज त्याला मोठा वाटत असावा:
"अकरा वर्षं हिल्माला सांगत आलो, पैसे नाहीत.
पैसे होते. बोट होती, विकता आली असती.
ती विचारायची, ऐकलंस का?
मी मान हलवायचो.
ऐकलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं."

हिल्मा ऑगस्टपासून ग्रीन बेला असते, मुलीकडे.
रविवारी फोन करते.
फोनवर मान हलवता येत नाही.

मी त्याला एवढंच दाखवलं, की फोन
कानाच्या भोकावर नाही, जरा वर धरायचा,
यंत्राच्या पाठीशी.
पैसे विचारले त्याने. मी म्हटलं, पुढच्या वेळी.

खिडकीखाली त्याचा ट्रक.
बराच वेळ सुरूच झाला नाही.
आत तो, टोपी मांडीवर,
फोन कानाला,
पुन्हा खाली, चुकीच्या जागी धरलेला.

मी काचेवर टिचकी मारली,
एकदाच, नखाने.

तो वळला.